मधली सीट

माझं काम पॅकिंगची मशिनं दुरुस्त करण्याचं. मशीन जिथे बंद पडेल तिथे मला जावं लागतं. मशीन माझ्याकडे येऊ शकत नाही, कारण ते जमिनीला बोल्ट मारून पक्कं केलेलं असतं. मला अजून तसं कुणी केलेलं नाही, हीच माझी या नोकरीतली मुख्य पात्रता.

लोकांना वाटतं, फिरतीची नोकरी म्हणजे जग बघायला मिळतं. मिळतं की. मी इतक्या औद्योगिक वसाहती पाहिल्यात की आता गाडीतून उतरताना डोळे मिटूनही सांगेन: एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला सिक्युरिटीची केबिन, केबिनमध्ये रजिस्टर आणि रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन. ते पेन उमटत नाही. कुठल्याही गावी जा, उमटत नाही. जे उमटत नाही ते चोरीला जाऊ नये म्हणून दोरी कशाला, हे विचारायची माझी फार इच्छा आहे. पण आत सोडायचं की नाही हे तो पेनवालाच ठरवतो.

बंद मशीनचं दुखणंही बहुतेक वेळा ठरलेलं असतं. पुडीच्या फिल्मवर कडेला एक छोटा गडद चौकोन छापलेला असतो, त्याला आय मार्क म्हणतात. सेन्सरला तो दिसला की मशीनला कळतं, आता इथे कापायचं. सेन्सरच्या काचेवर धूळ बसली की चौकोन दिसेनासा होतो आणि मशीन मनाला येईल तिथे कापत सुटतं. मग मालाचं अर्धं नाव या पुडीवर आणि उरलेलं पुढच्या. यावर उपाय एकच, काच रुमालाने पुसायची. पण तसं लगेच करून चालत नाही. माणूस रात्रभर प्रवास करून आलाय, त्याचं भाड्याचं बिल मॅनेजरच्या टेबलावर येणार आहे, आणि तो खिशातून रुमाल काढून निघाला तर मॅनेजरच्या मनाला काय वाटेल? म्हणून आधी पॅनल उघडायचं. मल्टिमीटर लावायचा. "हं" म्हणायचं. चार पावलं मागे जाऊन मशीनकडे लांबून बघायचं आणि "लोड किती देता याला?" असं विचारायचं. उत्तर काहीही आलं तरी भुवया उंचवायच्या. मगच रुमाल.

काम एवढंच. उरलेला सगळा वेळ मी लोकांचं ऐकून घेतो, आणि माझा खरा घाम तिथे निघतो. पण कुठल्या गावी कुणाचं ऐकायचं हे आमचे साहेब ठरवतात, म्हणून आधी त्यांचं सांगून टाकतो.

गणितात फिरत्या विक्रेत्याचं एक प्रसिद्ध कोडं आहे. काही गावं दिलेली असतात. प्रत्येक गावी एकदाच जायचं, शेवटी निघालो तिथे परत यायचं, आणि एकूण रस्ता कमीत कमी पडला पाहिजे. ऐकायला बालवाडीचं वाटतं. पण दहाच गावं घेतली तरी वेगवेगळे मार्ग होतात १,८१,४४०. पंधरा घेतली की आकडा चार हजार कोटींच्या पलीकडे जातो. १९५४ साली डँट्झिग, फल्करसन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांसाठी सर्वांत जवळचा मार्ग काढून दाखवला, तर गणितात तो मोठा पराक्रम ठरला. गावं कितीही वाढली तरी झटपट उत्तर देईल अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. कुणी ती शोधून दिली, किंवा अशी रीत असूच शकत नाही हे सिद्ध केलं, तर दहा लाख डॉलरचं बक्षीस २००० सालापासून वाट बघतंय.

आमचे साहेब हे कोडं दर सोमवारी चहा निवायच्या आत सोडवतात. ज्याचा फोन आधी आला त्याच्याकडे आधी जायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे मी आधी उत्तरेच्या टोकाला जातो, तिथून दक्षिणेच्या टोकाला, आणि तिथे बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच फोन येतो: "अरे, तू परवा वर गेला होतास ना, त्याच्याच शेजारच्या गल्लीत एक मशीन बंद आहे." यात 'शेजारच्या' या शब्दावर ते असा जोर देतात की मी तिथून निघून आलो हा माझाच आळशीपणा ठरतो.

मुक्कामाच्या खोलीबद्दल फार बोलत नाही. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हे जुन्या माणसांनाही माहीत होतं. २०१६ साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि त्यांना दिसलं की परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, तो कानोसा घेत राहतो. माझी प्रत्येक रात्र पहिलीच असते. म्हणजे माझा अर्धा मेंदू नोकरीला लागल्यापासून रात्रपाळीवर आहे आणि पगारात त्याचा ओव्हरटाइम धरलेला नाही. जागं राहून तो एवढंच शोधत असतो, की कपाटावरचा तो बारका दिवा नक्की कुठल्या बटणाने बंद होतो. कुठल्याच होत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

फिरतीवरचा माणूस उद्या निघून जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे जे शेजाऱ्याला सांगता येत नाही, मेहुण्याला सांगितलं तर भांडण होतं आणि बायकोने ऐकायचं सोडून कैक वर्षं झालीत, ते सगळं माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. टॅक्सीवाला, न्हावी, रात्रपाळीचा रिसेप्शनिस्ट, शेजारच्या सीटवरचा माणूस, सगळ्यांकडे. आणि विषय तीनच: देव, खेळ आणि राजकारण. भाषा बदलते, वेश बदलतो, हवा बदलते, पण तीन वाक्यं मी जाईन तिथे मला गाठतातच. "आमचं इथलं स्थान फार जागृत आहे." "अंपायर विकला गेला होता." आणि "सगळे चोर."

सुरुवातीला मी यावर माझं मत देत असे. मग अनुभवाने कळलं की समोरच्याला मत नको असतं, मान हवी असते. खालीवर हलणारी.

देवाचा विषय सहसा टॅक्सीत निघतो, कारण तिथून उतरून पळता येत नाही. गाडी मुख्य रस्ता सोडून अचानक आत वळते. "पाचच मिनिटं, साहेब. एवढे लांबून आलात आणि दर्शन न घेता गेलात, असं होऊ द्यायचं नाही मला." मी घड्याळाकडे बघतो, तो आरशातून माझ्याकडे बघतो, आणि आरशातली ती नजर बघून पाखंडी माणूसही चपला काढेल. असं करत करत मी इतक्या ठिकाणी डोकं टेकवलंय, इतक्या ठिकाणी गुडघे टेकलेत आणि इतक्या ठिकाणी डोक्यावर रुमाल घेतलाय की वर माझी फाइल नेमकी कुणाच्या टेबलावर आहे हे कुणालाच कळत नसेल. रुमाल तोच, सेन्सरचा. प्रत्येक ठिकाणी मला खासगी आवाजात सांगितलं जातं की इथे मागितलेलं मिळतंच. मी सगळीकडे एकच मागतो: मशीन माझ्या हातून सुरू व्हावं आणि परतीची गाडी निघून जाण्याआधी व्हावं. आजवरचा निकाल संमिश्र आहे, पण कुठल्याही एका ठिकाणाचं नाव खराब होईल असा नाही.

श्रद्धा काय ते बघायचं असेल तर दुरुस्तीनंतर मशीन पहिल्यांदा सुरू होतं त्या क्षणी माणसांकडे बघावं. ऑपरेटर बटणावर बोट ठेवतो आणि डोळे मिटतो. कुणी छातीला हात लावतो, कुणी कपाळाला, कुणी ओठांतल्या ओठांत पुटपुटतो. क्वालिटीचा तरुण साहेब असतो, ज्याने सकाळीच मला विश्वाची उत्पत्ती देवाशिवाय कशी झाली हे समजावलेलं असतं. तो पँटच्या खिशात बोटावर बोट चढवून उभा असतो. मी बघितलंय. खिशाचा आकार बदलतो.

फिरतीवाल्यांनी स्वतःही या खात्यात मोठी कामगिरी केलेली आहे. १८९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बॉस्कोबेल गावचं हॉटेल भरलेलं होतं, म्हणून जॉन निकोल्सन आणि सॅम्युअल हिल या दोन अनोळखी फिरत्या विक्रेत्यांना एका खोलीत झोपावं लागलं. रात्री गप्पा निघाल्या, दोघांची श्रद्धा एक निघाली, आणि पुढच्या वर्षी त्यातून गिडियन ही संघटना उभी राहिली. १९०८ साली मोंटानातल्या एका हॉटेलापासून तिने खोल्याखोल्यांतून बायबल ठेवायला सुरुवात केली. उशाशेजारच्या खणात अजूनही पुष्कळ ठिकाणी ते सापडतं. मला या गोष्टीत चमत्कार दिसतो तो असा, की दोन विक्रेते एका खोलीत रात्रभर होते आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला काही विकलं नाही. माझ्याही वाट्याला एकदा असा खोलीसोबती आला होता. त्याने पहाटेपर्यंत मला मी मेल्यानंतरचे फायदे समजावले. धार्मिक अर्थाने नव्हे, तो विम्याचा एजंट होता.

दुसऱ्या काही देशांतल्या खोल्यांत छताला किंवा टेबलाच्या खणात बाण चिकटवलेला असतो, मक्केची दिशा दाखवणारा. खोली कुठलीही असो, तोंड कुठे करायचं हे नमाज पढणाऱ्याला कळावं, ही सोय मला फार सुंदर वाटते. याच्याही पुढची अडचण आली ती २००७ साली. मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर अंतराळस्थानकावर निघाले, तेही रमजानमध्ये. स्थानक दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो. मग नमाज किती वेळा आणि कुठे तोंड करून? त्यांच्या देशातल्या धर्मपंडितांनी बसून नियम लिहून काढले. जमलं तर काबाकडे तोंड करावं. ते नाही जमलं तर काबाच्या वर अंतराळात जी जागा येईल तिकडे, तेही नाही तर पृथ्वीकडे, आणि कशाचाच पत्ता लागत नसेल तर जिकडे असाल तिकडे. वेळ उड्डाण जिथून झालं तिथली धरावी.

हे वाचून माझे डोळे भरून आले. फिरतीवरच्या माणसाच्या अडचणीचा इतक्या समजूतदारपणे विचार करणारा एकही माणूस आमच्या अकाउंट्स खात्यात नाही. तिथे नियम एकच. पावती आणा. रात्री दोन वाजता पावसात ज्या रिक्षावाल्याने मला देव भेटल्यासारखं उचललं, त्याच्याकडे छापील पावतीपुस्तक नव्हतं, याला 'पृथ्वीकडे तोंड करा' असा कुठलाही पर्याय नाही.

खेळाचं प्रकरण याहून नाजूक. देवाच्या बाबतीत परक्या माणसाला सवलत असते, खेळात नसते.

एका कारखान्यात मी सीलिंग जॉ बदलायला गेलो होतो. हा तापलेला जबडा थंड झाल्याशिवाय हात लावता येत नाही, म्हणून तोवर चहा घ्यावा असं ठरवून कँटीनमध्ये शिरलो. तिथे भिंतीवरच्या टीव्हीवर मॅच आणि समोर अख्खी पाळी. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि विकेट गेली. कुणाचं लक्ष नव्हतं. मी चहा घेऊन मशीनकडे गेलो, जॉ अजून गरमच होता, कप ठेवायला परत आलो, आणि चांगला जमलेला फलंदाज धावबाद. या वेळी लक्ष गेलं. एकेक मान माझ्याकडे वळली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मघाशीपण हेच आले होते."

सुपरवायझर माझ्याजवळ आला. स्वभावाने फार सज्जन माणूस. त्याने माझा हात हातात घेतला. "साहेब, राग मानू नका. आमचा तसल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मला बाहेर व्हरांड्यात खुर्ची दिली. मान राखायचा म्हणून पंखाही आणून ठेवला. आणि खरंच भागीदारी जमली हो. आतून आरडाओरडा ऐकू यायला लागला. जॉ थंड झाला असेल म्हणून मी उठू लागलो तर एक पोरगा धावत आला. "नाही नाही, बसा! पाय पण तसाच ठेवा." माझा उजवा पाय डाव्यावर होता. तो तसाच राहिला. थोड्या वेळाने प्लँट मॅनेजर तिथून चालले होते. मशीन बंद, इंजिनियर खुर्चीत, हे दृश्य बघून ते थांबले. आता नोकरी जाणार असं मला वाटलं. पोरग्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी आत डोकावून धावफलक पाहिला, मग माझ्या पायांकडे पाहिलं, आणि जाता जाता म्हणाले, "शेवटची ओव्हर होईपर्यंत हलायचं नाही."

त्यांची टीम जिंकली. मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी राहिलं. पायाला मुंग्या आल्यामुळे मी लंगडत मशीनपर्यंत गेलो आणि जॉ बदलला. सर्व्हिस रिपोर्टवर ग्राहकाच्या शेऱ्याचा रकाना असतो, तिथे मॅनेजरनी स्वतःच्या हाताने 'अत्युत्कृष्ट' लिहिलं. इतकी वर्षं इमानाने काम करून हा शेरा मला कधी मिळाला नव्हता. तो मिळाला एका जागी बसल्याबद्दल.

खेळाडू हेही शेवटी फिरतीचेच लोक, हे प्रेक्षक विसरतात. ३ मार्च १९३९ रोजी डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांची कसोटी सुरू झाली. निकाल लागेपर्यंत खेळायचं, दिवसांची मर्यादा नाही, असं ठरलेलं. इंग्लंडला शेवटच्या डावात ६९६ धावा करायच्या होत्या. १४ मार्चला त्यांच्या ५ बाद ६५४ झाल्या. फक्त ४२ हव्यात, पाच गडी हातात, आणि सामना अनिर्णित म्हणून सोडून दिला. कारण परतीची बोट केपटाउनहून सुटणार होती आणि तिथवर आगगाडीचा दोन दिवसांचा रस्ता होता. क्रिकेटप्रेमी लोक ही हकीकत हळहळत सांगतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. शेवटचे चार बोल्ट राहिलेत, मॅनेजर डोक्यावर उभा आहे आणि मनात मात्र गाडीची वेळ टिकटिकतेय, ही अवस्था ज्याने भोगली आहे त्याला इंग्लंडच्या कप्तानाचं पोट कसं दुखलं असेल ते समजतं.

राजकारणात मी आता पुष्कळ तयार झालोय. त्यासाठी माझ्याजवळ काही वाक्यं आहेत, ती मी टूलबॅगेत स्पॅनर ठेवावेत तशी मापानुसार लावून ठेवली आहेत. किरकोळ प्रसंगी, "परिस्थिती कठीण आहे." समोरचा तापू लागला तर, "शेवटी लोक ठरवतील." फारच तापला तर, "तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे." न्हाव्याच्या खुर्चीत मात्र यातलं काहीच वापरत नाही. गळ्यावर वस्तरा असताना मी न्हाव्याच्या पक्षाचा असतो, नुसता मतदार नव्हे, कार्यकर्ता.

मजा म्हणजे, इतकं राजकारण ऐकून घेणाऱ्या मला मत द्यायलाच मिळत नाही. मतदान जिथे नाव तिथे, आणि नाव जिथे मी नाही तिथे. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९७ साली अंतराळवीरांसाठी कायदा केला आणि त्याच वर्षी डेव्हिड वुल्फ यांनी रशियाच्या मीर स्थानकावरून आपल्या गावच्या निवडणुकीत मत दिलं. म्हणजे माणूस परक्या देशाच्या यंत्रात, वजनरहित अवस्थेत तरंगत असताना आपला नगरसेवक निवडू शकतो. माझी अडचण एवढीच की मी पुरेसा उंच गेलेलो नाही.

म्हणून मतदानाच्या दिवशी मी हटकून दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याचं मतदान बघत असतो. कारखाना बंद, हॉटेलातला पोऱ्या मत द्यायला गेलेला, चहा स्वतःचा स्वतः करा. गॅलरीतून खालची रांग दिसते. त्या रांगेत, सकाळी सातच्या आधी, सगळ्यांत पुढे कोण उभा असतो? आदल्या रात्री "सगळे चोर, कुणालाच मत द्यायला नको" म्हणून स्टिअरिंगवर मूठ आपटणारा टॅक्सीवाला. नवा शर्ट घालून, केस विंचरून. बाहेर आल्यावर बोटाचा फोटोही काढतो.

देव, खेळ, राजकारण हे तीन वेगळे विषय आहेत असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. इतिहासाला ते मान्य नाही. ५३२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, रथांच्या शर्यती चालायच्या आणि प्रेक्षकांत निळे आणि हिरवे असे दोन गट होते. एकमेकांचं तोंड बघत नसत. रंगावरून मैत्री तुटे, धर्माच्या वादातही बाजू पडत. एके दिवशी हे दोघे अचानक एक झाले आणि दोघांनी मिळून सम्राट जस्टिनियनवर चाल केली. हागिया सोफिया या चर्चची जुनी वास्तू त्यात जळाली, आणि त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस याने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे शेवटी तीस हजारांवर माणसं कापली गेली. हे निळे-हिरवे एकत्र कशाने आले याची चर्चा इतिहासकार करतात. मी त्यांना विमानातली मधली सीट घेऊन बघा असं सुचवेन.

मधली सीट आमच्या कंपनीच्या धोरणातच आहे. खिडकी किंवा वाट हवी तर जादा पैसे पडतात, आणि मशीनवाल्याला कशाला हवी खिडकी, असा साधा विचार. त्या दिवशी वाटेकडेचे गृहस्थ मला बोर्डिंगच्या रांगेतच भेटले होते. सध्याच्या सरकारने रस्ते कसे चकाचक केले हे त्यांनी सांगितलं आणि मी म्हणालो होतो, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. आत आल्यावर खिडकीकडेच्या गृहस्थांनी माझी टूलबॅग वर चढवायला हात लावला आणि त्याच सरकारने देश कसा विकायला काढला हे सांगितलं. बॅग जड होती. मी म्हणालो, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे.

विमान उडालं, पट्टे बांधायचा दिवा विझला, आणि वाटेकडेचे म्हणाले, "मघाशी हे साहेबसुद्धा म्हणत होते, असं सरकार झालं नाही."

"हे?" खिडकीकडेचे म्हणाले. "हे तर मला म्हणाले की वाटोळं झालंय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सीटमागचं मासिक काढून वाचू लागलो. ते आणीबाणीत बाहेर कसं पडायचं याचं कार्ड निघालं. तेही मी मन लावून वाचलं.

मग सुरू झालं. रस्ते, पूल, भाव, नोकऱ्या, मागच्या वेळचं काय, त्याच्या मागच्या वेळचं काय. माझ्या दोन्ही हातांखालचे आर्मरेस्ट गेले. एक बोट माझ्या नाकासमोरून उजवीकडे जाई, दुसरं डावीकडे येई. हवाईसुंदरीने पाणी दिलं ते दोघांच्या हातवाऱ्यांतून माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मध्येच एकाने माझ्या गुडघ्यावर थाप मारून "विचारा यांना!" म्हणावं, दुसऱ्याने त्याच गुडघ्यावर मारून "विचाराच!" म्हणावं. शेवटी दोघांनी खरंच विचारलं.

"साहेब, तुमचं स्वतःचं मत काय?"

मी पाण्याशिवाय घसा साफ केला. "दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

काही क्षण इंजिनाचाच आवाज येत राहिला. मग वाटेकडेच्यांनी माझ्यावरून झुकून खिडकीकडेच्यांना म्हटलं, "बघितलंत?"

"बघितलं."

"अशा लोकांमुळेच."

"अगदी! अशा लोकांमुळेच तर हे सगळं."

"बाजू घ्यायला नको. मत द्यायला नको. का हो, गेल्या वेळी मत दिलंत?"

मी सांगितलं, बाहेरगावी होतो. मीर स्थानकाचा दाखला तोंडावर आला होता, पण ही वेळ नव्हती.

"म्हणजे आम्ही रांगेत उभं राहायचं आणि यांनी तथ्य शोधायचं," खिडकीकडेचे म्हणाले, आणि ते दोघे उड्डाणानंतर पहिल्यांदा हसले. तिथून पुढे त्यांचं असं जमलं की काय सांगू. दोघांच्या मुलांची लग्नं एकाच महिन्यात झालेली निघाली. दोघांनाही रक्तदाबाची एकच गोळी चालू होती. परवाच्या मॅचचा विषय निघाला तेव्हा अंपायरबद्दल पूर्ण एकमत झालं. माझ्या मांडीवर एकाने कार्ड ठेवलं, दुसऱ्याने तिथेच चष्मा ठेवून मोबाइलमध्ये नंबर घातला. मग खिडकीकडेचे संकोचून म्हणाले, "साहेब, तुम्हाला हरकत नसेल तर तुम्ही खिडकीशी बसता का? आम्हाला जरा बोलायचंय."

कंपनीच्या खर्चाने जे कधी मिळालं नव्हतं ते असं मिळालं. मी आनंदाने सरकलो. आणि त्यांनी ती जागा इतक्या सहज का सोडली तेही कळलं. काही विमानांत एखाद्या रांगेपाशी भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर गेलेली असते, म्हणून तिथे खिडकी ठेवतच नाहीत. माझ्याशेजारी सपाट, पांढरी, प्लॅस्टिकची भिंत होती. तिला कुठलंही दैवत नव्हतं, टीम नव्हती, पक्ष नव्हता. मी तिच्याकडे तोंड करून उतरेपर्यंत बसून राहिलो.

खाली आल्यावर दोघांनीही माझा हात हातात घेतला आणि मनापासून सांगितलं, तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं.